औषध घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याविषयी: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

नोव्हेंबर २०२५

अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांची कार्यकारिणी आणि सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

मंडळांत आपण मधुमेहावर बोलतो, मेडिकेअरवर बोलतो, मृत्युपत्र कसं करावं यावर वकील बोलावतो. अधिवेशनातल्या ज्येष्ठांच्या कार्यक्रमांत गुडघ्यांपासून विस्मरणापर्यंत सगळं येतं. ज्या विषयावर मी कुठल्याही मंडळात कोणालाही उघडपणे बोलताना ऐकलेलं नाही, त्याविषयी, म्हणजे औषध म्हणून घेतल्या जाणाऱ्या मारिजुआनाविषयी (आपल्या गांजाविषयी), आज लिहिते आहे. मी फार्मासिस्ट आहे. न्यू जर्सीतल्या हॉस्पिटलच्या औषधविभागात आयुष्याची नोकरी करून निवृत्त झाले. त्यामुळे ओळखीतली माणसं जेवणं आटोपल्यावर, बाकीचे दुसऱ्या खोलीत गेले की, हळूच विचारतात: "ताई, त्या गमीजनी झोप लागते का हो?" "केमोनंतर यांना अन्नच जात नाही, ते कार्ड काढावं का?" गमीज म्हणजे मारिजुआना घातलेल्या चघळायच्या गोळ्या, आणि कार्ड म्हणजे ती औषध म्हणून घ्यायची राज्याची परवानगी. औषधाबद्दल मला जे सांगता येतं ते मी सांगते. अलीकडे मात्र त्यांना मी उलट एक प्रश्न विचारू लागले आहे: घरात बंदूक आहे का?

प्रश्न ऐकून माणसं दचकतात. म्हणून आधी कायदा काय आहे ते सरळ सांगते.

राज्य सरकारने दिलेलं मेडिकल मारिजुआनाचं कार्ड ज्याच्याकडे आहे आणि जो ते औषध घेतो, त्याने बंदूक बाळगणं हा फेडरल कायद्याने गुन्हा आहे. बंदूकच कशाला, एक काडतूस बाळगणंही. ती चालवायला हवी असं नाही, कोणावर रोखायला हवी असंही नाही. कपाटात कुलपात असली तरी गुन्हा पुरा होतो. २०२२ पर्यंत याची कमाल शिक्षा १० वर्षं होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये काँग्रेसने बंदुकांविषयीचा जो नवा कायदा केला, त्याने ती १५ वर्षं केली.

यावर पहिलं उत्तर हमखास येतं ते असं: आपल्या लोकांकडे कुठे असतात बंदुका? असतात. रात्री उशिरा गॅस स्टेशन किंवा दारूचं दुकान बंद करून रोकड घेऊन गाडीत बसणारे मराठी दुकानदार आहेत. टेक्सास, जॉर्जिया, अ‍ॅरिझोनात घर घेतल्यावर शेजाऱ्यांचं बघून पिस्तूल घेतलेली कुटुंबं आहेत. इथे जन्मलेली आपली मुलं सैन्यात गेली आहेत, काही शूटिंग रेंजवर नेमानं जातात, काहींचे सासरे शिकारी आहेत. आणि त्याच घरांत आता कॅन्सर येतो, पार्किन्सन्स येतो, मज्जातंतूंच्या दुखण्याने रात्र रात्र जागणारी माणसं असतात. औषध म्हणून मारिजुआनाला परवानगी देणारी राज्यं २०२५ मध्ये ४० होती. त्यांतल्या २४ राज्यांत प्रौढ माणसाला कारण न देताही ती घेण्याची मुभा होती. कॅलिफोर्नियाने १९९६ साली मतदानाने सुरुवात केली, मिशिगनने २००८ मध्ये, न्यू जर्सीचा कायदा जानेवारी २०१० चा. आपली बहुतेक माणसं या राज्यांतच राहतात. बंदूक आणि कार्ड एका छपराखाली येणं मुळीच दुर्मीळ राहिलेलं नाही. दुर्मीळ आहे ती त्याबद्दलची माहिती.

कायदा जुना आहे. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या त्याच १९६८ साली, ऑक्टोबरमध्ये, अध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल अ‍ॅक्टवर सही केली. कोणाकोणाला बंदूक ठेवता येणार नाही याची यादी या कायद्यात आहे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला, न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेला, आणि त्याच यादीत नियंत्रित पदार्थ 'बेकायदा वापरणारा किंवा त्याचा व्यसनी'. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, अमली पदार्थांचा कायदा आला आणि मारिजुआना शेड्यूल १ मध्ये, हेरॉइनच्या पंक्तीला, बसली. शेड्यूल १ म्हणजे वैद्यकीय उपयोग मान्य नाही, आणि म्हणून डॉक्टरला प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. राज्यांच्या योजनांत डॉक्टर जे देतो ती केवळ शिफारस असते. तेवढी शिफारस करण्याचं त्याचं स्वातंत्र्यसुद्धा २००२ साली नवव्या सर्किटच्या न्यायालयाला, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या फेडरल अपील न्यायालयाला, राखावं लागलं.

आता नियम पाहा. 'बेकायदा वापरणारा' याची एटीएफने, म्हणजे शस्त्रास्त्रांवर देखरेख करणाऱ्या फेडरल खात्याने, जी व्याख्या केली आहे तिच्यात परवानाधारक डॉक्टरने लिहून दिल्याप्रमाणे औषध घेणारा वगळलेला आहे. पण मारिजुआना लिहून द्यायला डॉक्टरला बंदी. त्यामुळे रुग्णाने राज्याचे सगळे नियम पाळले, नोंदणी केली, फी भरली, सरकारमान्य डिस्पेन्सरीतूनच, म्हणजे मारिजुआनाच्या परवानाधारक दुकानातूनच, माल घेतला, तरी तो बेकायदा वापरणाराच ठरतो. त्याला कायदेशीर होण्याची वाटच ठेवलेली नाही.

दुकानात बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात हा प्रश्न आहे, आणि २०१६ च्या सुधारणेपासून त्याच्याखाली ठळक अक्षरांत ताकीद आहे, की तुमच्या राज्याने औषधासाठी किंवा मौजेसाठी परवानगी दिली असली तरी फेडरल कायद्याने मारिजुआना बाळगणं आणि वापरणं बेकायदाच आहे. रुग्णाने 'हो' लिहिलं तर विक्री तिथेच थांबते. 'नाही' लिहिलं तर खोटं निवेदन, त्याला स्वतंत्र १० वर्षांपर्यंतची शिक्षा. तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांचे पुत्र हंटर बायडन यांच्यावर जून २०२४ मध्ये डेलावेअरमध्ये दोष सिद्ध झाला तो याच फॉर्मवरच्या खोट्या उत्तरासाठी आणि याच कलमाखाली बंदूक बाळगल्याबद्दल. त्यांचा पदार्थ वेगळा होता, क्रॅक कोकेन. आणि त्यांना पुढे वडिलांनी माफी दिली. आपल्यापैकी कोणाला माफी देणारं कोणी नाही.

माझ्या पेशातली एक गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी, कारण या कायद्याचा पाया किती भुसभुशीत आहे ते तिच्यावरून कळतं.

मारिजुआनातलं ज्याने गुंगी येते ते द्रव्य म्हणजे टीएचसी. हेच द्रव्य प्रयोगशाळेत तयार करून तिळाच्या तेलात विरघळवून कॅप्सूलमध्ये भरलेलं मिळतं. नाव ड्रोनॅबिनॉल, मारिनॉल या नावाने ते १९८५ साली एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या फेडरल खात्याने, मंजूर केलं, आधी केमोथेरपीनंतरच्या मळमळीसाठी आणि नंतर एड्सच्या रुग्णांची भूक मेली असेल तर. १९९९ पासून ते शेड्यूल ३ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवर देता येणाऱ्या औषधांत, आहे. नोकरीत असताना कॅन्सरच्या वॉर्डात ही कॅप्सुलं मी कितीतरी वेळा पाठवली आहेत. रेणू तोच आहे. जवळचा, सारखा, असं नव्हे, तोच. मेंदूतल्या त्याच रिसेप्टर्सना चिकटतो, तशीच गुंगी आणतो, तशीच भूक वाढवतो. ड्रोनॅबिनॉल डॉक्टरच्या चिठ्ठीनुसार घेणाऱ्या रुग्णाने बंदूक ठेवली तर हे कलम त्याला लागत नाही. शेजारच्या घरातला रुग्ण तेच टीएचसी डिस्पेन्सरीतल्या तेलातून घेतो, कारण त्याला कॅप्सूल गिळवत नाही, किंवा ओकारीबरोबर ते बाहेर पडतं, किंवा विमा कंपनी पैसे देत नाही. तो १५ वर्षांच्या तुरुंगवासाला पात्र.

ऑक्सिकोडोनचंही तेच. चिठ्ठी असेल तर ऑक्सिकोडोन घेणारा माणूस बंदूक घेऊ शकतो. या देशात अफूजन्य वेदनाशामकांनी किती घरं उद्ध्वस्त केली ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या गोळ्या कमी करून मारिजुआनावर आलेला एखादा रुग्ण बंदुकीच्या कायद्यापुरता अधिक धोकादायक ठरतो, याचं वैद्यकीय समर्थन मला आजवर कुठे सापडलेलं नाही. आणि दारू! रोज संध्याकाळी पिणाऱ्या माणसाची बंदूक हे कलम काढून घेत नाही.

सरकारने हे कलम रुग्णांवर प्रत्यक्ष कसं वापरलं, तेही तुम्हाला ठाऊक असायला हवं. २०११ च्या सप्टेंबरमध्ये एटीएफने देशातल्या सगळ्या परवानाधारक बंदूकविक्रेत्यांना एक खुलं पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं, की गिऱ्हाइकाकडे मेडिकल मारिजुआनाचं कार्ड आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तो बेकायदा वापरणारा आहे असं मानायला तेवढं पुरेसं कारण आहे. त्याला बंदूक विकू नका. औषध घेतल्याचा पुरावाही नको, कार्ड पुरे. नेवाडातल्या एका महिलेला त्याच सुमारास दुकानदाराने ओळखून परत पाठवलं. तिचं म्हणणं असं, की ती मारिजुआना घेतच नव्हती, चळवळीला पाठिंबा म्हणून तिने कार्ड काढलं होतं. 'विल्सन विरुद्ध लिंच' हा तो खटला. नवव्या सर्किटने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सरकारच्या बाजूने निकाल दिला.

त्याच न्यायालयाने त्याच महिन्यात, १६ ऑगस्टला, 'मॅकिंटॉश' खटल्यात बरोबर उलट्या दिशेने जाणारा निकाल दिला होता. डिसेंबर २०१४ पासून काँग्रेस खर्चाच्या विधेयकात एक अट घालत आली आहे, की राज्यांच्या मेडिकल मारिजुआना योजनांत अडथळा आणण्यासाठी न्यायखात्याने पैसा खर्च करायचा नाही. त्या अटीमुळे राज्याचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांवर अमली पदार्थांच्या कायद्याखाली खटले चालवता येणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे एकाच सरकारने एका हाताने रुग्णाला सांगितलं की तुझ्या औषधाच्या आड आम्ही येणार नाही, आणि दुसऱ्या हाताने त्याच औषधासाठी त्याचं नाव गुन्हेगारांच्या यादीत ठेवलं.

सगळ्यांत जास्त जिवाला लागतं ते होनोलुलूचं प्रकरण. हवाईत २००० सालापासून मेडिकल मारिजुआना आहे आणि रुग्णांची सरकारी नोंद असते. तिथे प्रत्येक बंदुकीचीही नोंद करावी लागते. नोव्हेंबर २०१७ मध्ये होनोलुलू पोलिसांनी दोन्ही नोंदी असलेल्या सुमारे ३० जणांना पत्रं धाडली: तुम्ही मारिजुआनाचे रुग्ण आहात, ३० दिवसांत बंदुका आणून जमा करा. यांतल्या कोणी काही केलं होतं म्हणून नव्हे. त्यांनी आजारपणात सरकारवर विश्वास ठेवून खरं नाव, खरा पत्ता दिला होता, एवढंच. ओरड झाली, तेव्हा पोलीस काही आठवड्यांतच मागे हटले आणि आधीपासून असलेल्या बंदुका जमा करण्याचा आग्रह सोडला. पण नियम पाळणाऱ्या रुग्णांना जो धडा मिळायचा तो मिळाला. नोंदणी न करता रस्त्यावरून माल घेणाऱ्याला असं पत्र कधी येत नाही.

ओरेगनमध्ये २०११ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शेरिफला बजावलं होतं, की केवळ रुग्ण आहे म्हणून बंदूक सोबत नेण्याचा परवाना नाकारता येणार नाही. इलिनॉयमध्ये योजना सुरू होताना रुग्णांनी शस्त्राचं ओळखपत्र सोडून द्यावं असा मसुदा आला होता, तो विरोधामुळे मागे घेतला गेला. राज्यं आपल्या परीने वाट काढतात. फेडरल कलम तरी डोक्यावर राहतंच.

आता तुमच्या मनातल्या शंकेकडे येते, कारण ती माझ्याही मनात होती आणि ती खोटी नाही. मला बंदूक आवडत नाही. माझ्या घरात ती कधी नव्हती आणि असणारही नाही. आपण जिथून आलो तिथे बंदुकीसाठी जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो, कारण द्यावं लागतं, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना नाकारणं त्यांच्या हातात असतं. बंदूक हा हक्क आहे हे आपल्याला मनातून पटत नाही. पण आपण ज्या देशाचे नागरिक झालो, जिथे हात वर करून राज्यघटनेची शपथ घेतली, तिथे १७९१ पासून दुसरी घटनादुरुस्ती आहे, आणि २००८ पासून सर्वोच्च न्यायालयाने ती व्यक्तीचा हक्क म्हणून मान्य केली आहे. आपल्याला न आवडणारा हक्क आजारी माणसाकडून काढून घेतला जात असेल, तर गप्प बसायला ते कारण पुरेसं नाही.

गुंगीत असलेल्या माणसाच्या हातात बंदूक नको, हे मी शंभर टक्के मान्य करते. टीएचसीने प्रतिक्रिया मंदावते, अंतराचा अंदाज चुकतो. तोंडावाटे घेतलं तर परिणाम उशिरा सुरू होतो आणि कितीतरी तास टिकतो. तरुण वयात, जास्त ताकदीचा माल रोज घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हेही मी लपवणार नाही. याहून मोठी चिंता आत्महत्येची. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. असह्य वेदना, निराशा आणि टेबलाच्या खणात पिस्तूल, हे मिश्रण काय करू शकतं याची कल्पना करायला मला पुस्तक उघडावं लागत नाही.

पण या प्रत्येक चिंतेला नेमका उपाय आहे, आणि हे कलम त्यांतला एकही करत नाही. नशेत बंदूक बाळगणं हा गुन्हा ठरवता येतो. इंग्रजांच्या वसाहती असल्यापासून अमेरिकेत तसे कायदे होत आले, पिऊन गोळ्या झाडण्याला व्हर्जिनियाने सतराव्या शतकातच बंदी घातली होती. तिथे दोष कृतीचा असतो आणि नशा उतरली की माणसाला बंदूक परत हातात घेता येते. ज्याच्यापासून खरोखर धोका आहे त्याच्याबाबत न्यायालयापुढे पुरावा ठेवून बंदूक काही काळ काढून घेण्याचे कायदे अनेक राज्यांत आहेत. नैराश्यातल्या रुग्णाशी डॉक्टरने बंदुकीबद्दल बोलावं, घरच्यांनी ती दुसरीकडे हलवावी, हे मी स्वतः लोकांना सांगते. मात्र गुन्ह्याची भीती घातली की रुग्ण डॉक्टरपासूनच लपवू लागतो. मग त्याच्याशी बोलणार कोण?

आपल्याकडच्या इतिहासातलंही काही सांगावंसं वाटतं. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने भारतात गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने मुंबई इलाख्यासह देशभर ११९३ साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांत गांजामुळे वेड लागल्याच्या पुष्कळ नोंदी होत्या, त्या आयोगाने एकेक करून तपासल्या. बऱ्याच नोंदी टिकल्या नाहीत. खरं कारण ठाऊक नसलं की रोग्याला घेऊन येणारे पोलीस कागदावर गांजा लिहून मोकळे होत. प्रमाणात घेणाऱ्यांच्या मनावर त्याचा विशेष अपाय होत नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. तेव्हाच्या मालाची ताकद आणि आजच्या मालाची ताकद यांत फरक आहे, तेव्हा तो निष्कर्ष मी आज जसाच्या तसा लावणार नाही. पण एका ठोकळेबाज शिक्क्यावर विसंबण्याऐवजी माणूस माणसागणिक तपासायचा, ही पद्धत त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी सुचली होती.

अमेरिकेतली न्यायालयंही आता त्याच प्रश्नापाशी आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या 'ब्रूएन' निकालाने सांगितलं, की बंदुकीवरचं बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळतं हे सरकारने दाखवायला हवं. त्याच न्यायालयाच्या २०२४ च्या 'रहिमी' निकालाने, आठ विरुद्ध एक मतांनी, ज्याच्यापासून दुसऱ्याला धोका आहे असं न्यायालयाने ठरवलं आहे त्याची बंदूक काढून घेता येते हे मान्य केलं. रुग्णाच्या बाबतीत असं कोणी न्यायालयात ठरवलेलं नसतं, हा मुद्दा तिथूनच पुढे येतो. पाचव्या सर्किटने ऑगस्ट २०२४ मध्ये म्हटलं, की केवळ पूर्वी कधी मारिजुआना घेतली होती एवढ्यावरून, शुद्धीत असलेल्या माणसाची बंदूक काढून घेता येत नाही. आणि आपल्या विषयाला अगदी भिडणारा निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये अकराव्या सर्किटने दिला. फ्लोरिडाच्या तेव्हाच्या कृषी आयुक्त निक्की फ्रीड यांनी मेडिकल मारिजुआनाच्या रुग्णांसह एप्रिल २०२२ मध्ये दावा लावला होता. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. अकराव्या सर्किटने तो पुन्हा जिवंत केला: राज्याच्या कायद्यानुसार औषध घेणारे हे रुग्ण गंभीर गुन्हेगारांसारखे किंवा धोकादायक माणसांसारखे आहेत, असं दाव्यातल्या मजकुरावरून म्हणता येत नाही.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'हेमानी' हा टेक्सासमधला खटला ऐकायचं ठरवलं. एक दिवसाआड मारिजुआना ओढतो असं कबूल केलेला तरुण, घरात पिस्तूल. तो कोणत्याही राज्याचा नोंदणीकृत रुग्ण नाही. म्हणून मला काळजी वाटते. न्यायालयाने त्याच्या बाजूने अगदी अरुंद निकाल दिला तर रुग्णांचा प्रश्न तसाच लोंबकळेल. विरुद्ध दिला तर फ्लोरिडाच्या रुग्णांनी मिळवलेलंही जाऊ शकतं. बंदुकीचा हक्क आपण जपतो असं सांगणाऱ्या सरकारचे वकीलच हे कलम वाचवायला उभे राहिले, हे पाहून वाईट वाटतं.

काही जण म्हणतात, मारिजुआना शेड्यूल ३ मध्ये गेली की सगळं सुटेल. आरोग्यखात्याने ऑगस्ट २०२३ मध्ये तशी शिफारस केली, न्यायखात्याने मे २०२४ मध्ये प्रस्ताव मांडला, आणि मग २०२५ मध्ये तो रखडला. तो मंजूर झाला तरी डिस्पेन्सरीतलं तेल एफडीएने मंजूर केलेलं औषध होत नाही, त्याची चिठ्ठी लिहिता येत नाही, आणि चिठ्ठीविना शेड्यूल ३ मधला पदार्थ घेणाराही 'बेकायदा वापरणारा' राहतो. खरा बदल काँग्रेसच करू शकते: राज्याच्या कायद्यानुसार मारिजुआना घेणाऱ्याला या कलमातून वगळायचं, आणि गुंगीत बंदूक हाताळण्याला वेगळी शिक्षा ठेवायची. अलास्काचे दिवंगत प्रतिनिधी डॉन यंग यांनी अशा माणसांना कलमातून वगळणारं विधेयक आणलं होतं. फ्लोरिडाचे ब्रायन मास्ट यांनीही आणलं. अफगाणिस्तानात दोन्ही पाय गमावलेले मास्ट हे माजी सैनिकांच्या वतीने बोलतात, कारण त्या सैनिकांनाही हीच निवड करावी लागते. विधेयकं पुढे सरकली नाहीत.

मंडळांकडे माझ्या मागण्या थोड्या आहेत.

येत्या वर्षात एक सत्र या विषयासाठी ठेवा आणि त्याला बंदुकीचे कायदे जाणणारा वकील आणि इमिग्रेशनचा वकील असे दोघं बोलवा. इमिग्रेशनचा यासाठी, की नागरिक न झालेल्यांना याचा फटका दुहेरी बसतो. एप्रिल २०१९ पासून नागरिकत्व खात्याचं लेखी धोरण आहे, की राज्यात कायदेशीर असलेली मारिजुआनासुद्धा अर्जदाराच्या 'चांगल्या नैतिक चारित्र्या'आड येऊ शकते. डिस्पेन्सरीत नोकरी केली तरीही. ग्रीन कार्डवरच्या माणसाला बंदूक घेता येते, पण मारिजुआना घेत असेल तर तो दोन्हीकडून अडकतो. एच-१बी वर असलेल्याला तर शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडता बंदूक मुळातच वर्ज्य आहे. हे आपल्या कितीतरी मुलांना माहीत नाही.

त्या सत्रात घरातल्या इतरांबद्दलही बोललं जाऊ द्या. बंदूक नवऱ्याच्या नावावर आहे आणि कार्ड बायकोकडे आहे, तर तिजोरीची चावी तिच्या हाताशी असणं एवढ्यावरूनही तिचा ताबा होता असा दावा सरकारला करता येतो. बंदूक कुठे ठेवायची, किल्ली कोणाकडे, हे वकिलाला विचारून ठरवावं लागतं.

आपापल्या प्रतिनिधीला आणि दोन्ही सिनेटरना पत्रं लिहा. मराठी येणारा एक सदस्य प्रतिनिधिगृहात आहे: बेळगावात वाढलेले, मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघाचे श्री ठाणेदार. ते रसायनशास्त्राचे पीएचडी आहेत. टीएचसीचा रेणू दोन्हीकडे एकच कसा, हे त्यांना समजवावं लागणार नाही. डेट्रॉइट परिसरातल्या मंडळींनी त्यांची वेळ मागावी. बाकीच्यांनी ज्याला मत दिलं असेल त्याला लिहावं, तो कोणत्याही पक्षाचा असो; या प्रश्नावर दोन्ही पक्षांत मित्र आहेत आणि दोन्हीकडे विरोधकही.

आणि कार्यकारिणीच्या मंडळींनो, कोणी घरातल्या आजाऱ्यासाठी कार्डाबद्दल विचारलं तर कृपा करून आवाज खाली आणू नका. औषध घेणारी आपली माणसं आधीच लाजेने लपतात. त्यांना मोकळेपणाने विचारू द्या, आणि ज्यांच्याकडे आज कार्ड आणि बंदूक दोन्ही आहेत त्यांना एवढं सांगा: फॉर्मवर काहीही लिहिण्याआधी, पोलिसांना काहीही सांगण्याआधी आणि औषध परस्पर बंद करण्याआधी वकिलाला आणि डॉक्टरला भेटा. औषधाबद्दल काही विचारायचं असेल तर मंडळाच्या कोणत्याही सत्राला मी विनामूल्य येईन.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट
न्यू जर्सी